खेळाडू मुलींना सांगावयाचे राहून गेलेले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला-सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘मुलींचे खेळ व आरोग्य’ असा छापलेला आहे. तो चुकीचा नाही. परंतु पुरता खराही नाही. मी जो विषय लिहून पाठविला होता तो वाचून कार्यवाहांनी मला फोन केला आणि अत्यंत सौजन्याने विचारले, “ताई, हे असेच्या असे छापावयाचे का? पत्रिका घरोघर जाते, वडीलधारी मंडळी वाचतात.” मी म्हटले, तुम्हांला योग्य वाटेल ते छापा, मात्र बोलावयाचे ते मी बोलेन. त्यांनी त्यास मान्यता दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मागल्या रांगेतील काही बंधू आता उठण्याच्या बेतात दिसतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी बसावे. आपल्या मुलींना मैदानावर नेऊन सोडणारे, त्यांना बूट आणून देणारे आणि त्यांनी खेळ सोडला की ‘का सोडला’ म्हणून रागावणारे बहुधा तुम्हीच असता.

आज मी ओटीपोटाच्या तळाशी असणाऱ्या स्नायूंविषयी आणि त्यांच्या अशक्तपणामुळे खेळताना लघवी सुटण्याच्या तक्रारीविषयी बोलणार आहे. झाले. सांगून टाकले. आता पुढचे सोपे जाईल.

आरंभी थोडे स्वतःविषयी सांगते. १९७७-७८ च्या सुमारास मी महाविद्यालयात खो-खो खेळत असे. एका महत्त्वाच्या सामन्यात खांबाजवळ सूर मारून मी एका मुलीला बाद केले. टाळ्या पडल्या. उठताना माझ्या ध्यानात आले की आपले कपडे आतून भिजले आहेत आणि हा घाम नव्हे. त्यानंतरचे दीड वर्ष मी तीन युक्त्यांवर काढले. सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसे. जुन्या लुगड्याची घडी आत घेत असे. आणि खेळापूर्वी तीन-तीन वेळा लघवीस जाऊन येत असे. पुढे अभ्यासाचे निमित्त सांगून मी खेळच सोडला. आईला काही सांगितले नाही. आमचे क्रीडाशिक्षक अत्यंत सज्जन गृहस्थ होते, पण त्यांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मैत्रिणींनाही बोलले नाही. आणि वीस वर्षांनी त्यांतील दोघींनी मला सांगितले की त्यांचेही तसेच होत असे. एकाच पाटीवर विरुद्ध दिशांना तोंडे करून बसणाऱ्या आम्ही तिघी, आणि तिघींनाही वाटत होते की हे दुर्दैव आपल्या एकटीच्याच वाट्याला आले आहे!

पुढे मी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले व तोच व्यवसाय केला. आमच्या अभ्यासात या स्नायूंचे प्रकरण होते, नाही असे नाही; परंतु ते बाळंतपणाच्या भागात होते. कुमारिकेला, आणि तीही चांगली धडधाकट खेळाडू, असे काही होऊ शकते, ही गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, माझ्याच शरीराने आधी शिकविली होती.

या विषयात पहिली अडचण शब्दांची आहे. आपल्या भाषेत गुडघा, घोटा, पोटरी, मांडी या सर्वांना घरात उच्चारता येतील अशी नावे आहेत. मुलीचा घोटा मुरगळला तर ती लंगडत घरी येऊन आजीला सांगते, आणि आजी हळद-तुरटीचा लेप घालते. पण कमरेखालच्या या भागाचा उल्लेख आपण ‘खाली’, ‘तिकडे’, ‘त्या जागी’ असा करतो. विद्वान मंडळी त्याला श्रोणितल म्हणतात, तो शब्द कोणत्याही मुलीच्या तोंडी येणे शक्य नाही. ज्या अवयवाला नाव नाही त्याची तक्रार करणार कशी? म्हणून मी ‘ओटीपोटाचा तळ’ किंवा नुसता ‘तळ’ म्हणणार आहे. आपणांस याहून चांगला शब्द सुचला तर जरूर सांगावा. पण एक शब्द घरात रूढ करा, एवढा आग्रह धरते.

आता हा तळ म्हणजे काय? कमरेच्या हाडांचा सांगाडा हा बूड नसलेल्या भांड्यासारखा आहे. सभोवार हाड आणि खाली मोकळे. त्या मोकळ्या जागी, पुढच्या जांघेतील हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बसविलेली असते. तान्ह्या मुलाला आपण धोतराच्या झोळीत निजवितो तद्वत मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही या झोळीच्या आधारावर विसावलेले असतात, आणि त्यांच्या वाटा या झोळीतूनच बाहेर पडतात. त्या वाटा मिटलेल्या ठेवणे आणि वेळ आली की सैल सोडणे, हीही कामगिरी तिचीच. यांतील काही तंतू दिवसभर मंदपणे काम करीत राहतात, तर काही क्षणार्धात आवळले जातात. आपण खोकतो, शिंकतो, हसतो, तेव्हा पोटातला दाब एकाएकी वाढतो, आणि त्याच्या किंचित आधी हे चपळ तंतू वाट घट्ट करतात. ते आपल्या नकळत होते, म्हणूनच हे स्नायू आहेत याची जाणीव आपल्याला ते थकेपर्यंत होत नाही.

श्वासाशी या तळाचे जवळचे नाते आहे. श्वास घेताना छाती व पोट यांमधला पडदा खाली येतो, तेव्हा तळही थोडा खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. आपल्या कबड्डीचेच उदाहरण घ्या. चढाई करणारी मुलगी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम सोडीत जाते. एका चढाईला फार तर ३० सेकंद. तोवर सारे ठीक असते. पण तिला साखळीने घेरले, कोणी घोटा धरला, कोणी कंबर, की ती सगळा जोर एकवटून मध्यरेषेकडे झेप घेते. त्या क्षणी पोट आवळले जाते, दाब एकदम चढतो आणि तो कोठे तरी उतरावयास हवा. तळ सशक्त व जागा असेल तर काही होत नाही. तो दमलेला असेल, वेळेवर आवळला गेला नाही, तर दोन थेंब निसटतात. धावण्यात पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट आघात शरीराला सोसावा लागतो, आणि एका तासाच्या सरावात तो हजारो वेळा सोसावा लागतो. उड्या मारून उतरण्यात तो त्याहूनही अधिक. मग सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतच हा प्रकार अधिक का होतो, हे निराळे सांगावयास नको. मांडीचा स्नायू दमतो तसा हाही दमतो. फरक एवढाच की मांडीला आपण बैठका काढून तयार केलेले असते, आणि याला कोणी काही शिकविलेलेच नसते.

ही तक्रार किती जणींना असते? अमेरिकेत डॉ. इन्ग्रिड नायगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची पाहणी करून ती १९९४ साली प्रसिद्ध केली. १४४ मुलींनी उत्तरे दिली. सरासरी वय वीसच्या आसपास, आणि एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते. त्यांतील २८ टक्के मुलींनी खेळताना कधी ना कधी लघवी सुटल्याचे सांगितले. जिम्नॅस्टिक्स खेळणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते. गोल्फ खेळणाऱ्यांत एकीलाही हा त्रास नव्हता. म्हणजे जेथे उडी आणि आदळणे अधिक, तेथे तक्रार अधिक. २००२ साली स्वीडनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. ट्रँपोलिन म्हणजे ताणलेल्या कापडावर उंच उड्या मारण्याचा जो खेळ आहे, त्यातील राष्ट्रीय पातळीवरच्या ३५ मुलींना त्यांनी विचारले. वये १२ ते २२. पस्तीसांपैकी २८ मुलींनी सरावात असे होत असल्याचे सांगितले. आपल्या मुली ट्रँपोलिनवर फारशा जात नाहीत हे खरे, परंतु दोरीचा मल्लखांब, खो-खोतील सूर, लांब उडी, अडथळ्यांची शर्यत यांत उतरतात, आणि शरीर तेच असते.

हे आकडे सांगताना मला एक भीती वाटते, आणि ती मी झाकून ठेवीत नाही. आज घरी गेल्यावर एखादी माता म्हणेल, ‘पाहा, मी म्हणत नव्हते, मुलीच्या जातीला हे धावणे-उड्या मारणे बरे नव्हे!’ भगिनींनो, हे वाक्य फार जुने आहे आणि ते केवळ आपल्याकडचे नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. शर्यतीनंतर काही जणी दमून जमिनीवर बसल्या वा पडल्या, याचा वर्तमानपत्रांनी एवढा गवगवा केला की ती शर्यत स्त्रियांना पुन्हा मिळावयास १९६० साल उजाडावे लागले. पुरुष दमून पडला तर तो शर्थीने धावला, आणि स्त्री पडली तर ती नाजूक! स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली, आणि बर्फावरील स्की-उडी तर थेट २०१४ साली. या साऱ्या विलंबामागे एक धास्ती वारंवार पुढे केली जाई की आदळआपटीने स्त्रीचे गर्भाशय बिघडेल. ते तसे बिघडत नाही. खेळाडू स्त्रियांचे बाळंतपण खेळामुळे अवघड जाते असे पाहण्यांतून आढळलेले नाही.

आपल्याकडेही १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताच्या पहिल्या महिला खेळाडू उतरल्या, त्यांत वांद्र्याच्या मेरी डिसूझा होत्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळे. २०१६ साली रिओ येथे ती ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली व दहावी आली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, तेव्हा कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. तो सामना मी दूरदर्शन संचासमोर उभी राहून पाहिला, बसवेना. तेव्हा मुलींना मैदानावरून परत आणण्यासाठी मी येथे उभी नाही. मैदानावरून मुली गुपचूप परत येतात, त्या येऊ नयेत म्हणून उभी आहे.

अशीच एक मुलगी आपल्या ज्ञातीतील. कोणाची, हे सांगणार नाही, आणि कोणी तर्कही करू नये. तिची आई गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येत असे. एके दिवशी सहज म्हणाली, “ताई, आमच्या लेकीने कबड्डी सोडली. जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती हो! दहावीचा अभ्यास आहे म्हणते.” माझ्या मनात आपले जुने निमित्त जागे झाले. मी म्हटले, तिला एकदा घेऊन या. मुलगी आली, आईला मी बाहेर बसविले. सरळ प्रश्न विचारला असता तर ती बोलली नसती. म्हणून मी तिला माझी खांबाजवळच्या सुराची हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता रडू लागली आणि म्हणाली, “मावशी, मला वाटलं मला काहीतरी वाईट आजार झालाय.” दीड वर्ष ही पोर मनाशी हे ओझे वाहत होती. सामन्याच्या दिवशी पाणी पिणे तिनेही बंद केले होते. तिच्या शाळेच्या मैदानाजवळ मुलींना वापरता येईल असे स्वच्छतागृहच नव्हते, त्यामुळे तसेही तिला पाणी पिण्याची धास्तीच असे.

पाणी न पिण्याची ही युक्ती जवळजवळ प्रत्येक मुलगी आपल्या आपण शोधून काढते, आणि ती अगदी उलटी आहे. पाणी कमी झाले की लघवी दाट होते व मूत्राशयास अधिक चुरचुरते. शौचास घट्ट होते, मग कुंथावे लागते, आणि रोजचे कुंथणे हे तळावर रोजचे ओझे आहे. उन्हात खेळणाऱ्या मुलीला चक्कर येते ती वेगळीच. वारंवार ‘आधीच जाऊन येणे’ हेही मूत्राशयाला थोड्याशा साठ्यावरच कळ देण्याची सवय लावते. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी दोन तास सराव करणारी मुलगी आठवड्यात तीन उपास करते, उरलेल्या दिवशी वजन वाढेल म्हणून अर्धी पोळी खाते, आणि घरात तिचे कौतुक होते! जेवढी दमणूक तेवढे अन्न नसेल तर शरीर काटकसर करू लागते. मासिक पाळी लांबते वा बंद पडते, हाडे कमकुवत होतात. नॉर्वेतील २००१ च्या एका पाहणीत खाण्याविषयीची विकृती जडलेल्या खेळाडूंत लघवी सुटण्याची तक्रार अधिक आढळली. पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळते म्हणून असे होते’ असे म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांकडे न्या.

आता उपाय. १९४८ साली अमेरिकेतील अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने या स्नायूंचा व्यायाम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. तो मुख्यतः बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी होता. त्याचेच नाव आजही या व्यायामाला आहे. आपल्याकडे हठयोगात मूलबंध सांगितलेला आहे, त्याची क्रिया याच्याशी मिळतीजुळती आहे. परंतु एवढ्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ म्हणून आपण समाधान मानू नये. ते साधकासाठी होते, आणि घरातल्या सुनेला वा मुलीला ते कोणी शिकविले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

व्यायाम असा करावा. प्रथम आडवे पडून, गुडघे वर घेऊन सुरुवात करावी. चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण मागची वाट जशी आवळतो तशी आवळावी, तीच ओढ पुढे लघवीच्या वाटेपर्यंत न्यावी, आणि सारे आत व वर उचलून घेतल्यासारखे करावे. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करावयाचे नाहीत. दम कोंडावयाचा नाही. समोर बसलेल्या माणसाला आपण काही करीत आहो हे कळता कामा नये. आतासुद्धा काही जणी करून पाहत असतील. मला कळत नाही, म्हणजे बरोबर होत आहे! सहा ते आठ सेकंद धरावे, मग पुरते सैल सोडावे, आणि तितकाच वेळ विसावा घ्यावा. असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा. त्यानंतर काही वेळा झटक्यात आवळून झटक्यात सोडावे, कारण चपळ तंतूंनाही सराव हवा. पुढे बसून, उभे राहून, मग चालताना, आणि अखेर खेळात. शिंक वा खोकला येण्यापूर्वी, उडीवरून उतरण्यापूर्वी तळ आधी आवळून घेण्याची सवय लागली की निम्मे काम झाले. लघवी करताना मधेच थांबवून पाहण्याचा सराव मात्र रोज करू नये. त्याने मूत्राशयाची सवय बिघडते.

हे तीन महिने नेमाने करावे लागते. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून पुष्कळजणी सोडून देतात. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. खोकताना वा श्रम करताना लघवी सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले; न करणाऱ्यांत असे म्हणणाऱ्या फक्त ६ टक्के होत्या. हे प्रयोग केवळ खेळाडूंवरचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. परंतु ज्या उपायाला चाकू नाही, गोळी नाही आणि पैसाही नाही, त्याचा हा गुण लहान नव्हे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, कारण अर्धवट ज्ञान घेऊन कोणी घरी जाऊ नये. प्रत्येकीचा तळ सैलच असतो असे नाही. काही मुलींचा, विशेषतः पोट सतत आत ओढून ठेवणाऱ्यांचा, तो नेहमीच ताठलेला असतो. त्यांना ओटीपोटात दुखते, शौचास वेळ लागतो, लघवी पुरती झाल्यासारखी वाटत नाही. अशा मुलीने आवळण्याचा व्यायाम वाढविला तर त्रास वाढेल. तिला आधी सैल सोडावयास शिकले पाहिजे. सावकाश श्वास घेऊन पोट फुगू देणे, ही तिची सुरुवात. तेव्हा जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. आणि लघवीला जळजळ, रक्त, ताप, किंवा खाली काही उतरल्यासारखे वाटत असेल तर हा व्यायामाचा विषयच नव्हे, तेथे डॉक्टरच हवा.

‘खाली काही उतरणे’ म्हटल्यावर वडीलधाऱ्या भगिनींच्या चेहऱ्यांवर काही ओळखीचे उमटलेले मी पाहते आहे. अंग बाहेर येणे आपल्या आज्यांना चांगले ठाऊक होते. हंडे वाहून, भारे उचलून, पाठोपाठच्या बाळंतपणांनी तळ खचत असे, आणि त्या लुगड्याचा बोळा आधाराला घेऊन आयुष्य काढीत. कोणी बोलले नाही. म्हणून ही चार वाक्ये सुनांसाठीही: बाळंतपणानंतर सव्वा महिना संपला की पुन्हा धावू लागावे असे नव्हे. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली जी मार्गदर्शिका काढली तीत बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावणे टाळावे, आधी तळ व पोट यांची शक्ती परत मिळवावी, असे सांगितले आहे. सून खेळाडू असेल तर तिला ही सवड द्या, आणि सवड संपल्यावर मैदानावर जाऊही द्या. दोन्ही.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. तिने तीन महिने व्यायाम केला, पाणी पुन्हा पिऊ लागली. त्रास पुष्कळ कमी झाला. अगदी नाहीसा झाला असे म्हणणार नाही. अटीतटीच्या सामन्यात अजून एखादे वेळी होते, मग ती काळी चड्डी घालते आणि खेळते. त्या वर्षीची जिल्ह्याची निवड हुकली ती हुकलीच. पण तिने आपण होऊन संघातील दोन मुलींना हे सांगितले, आणि त्या दोघी तिच्याबरोबर माझ्याकडे आल्या. मी चाळीस वर्षांत जे केले नाही ते सोळा वर्षांच्या या मुलीने केले.

मंडळापुढे माझी मागणी मोठी नाही. आपण दरवर्षी खेळात चमकलेल्या मुलामुलींना पारितोषिके देतो. त्या दिवशी मुलींना वेगळे बसवून अर्धा तास कोणा जाणत्या बाईने हे सांगावे; वय अकरा-बाराचे असतानाच सांगावे, त्रास सुरू झाल्यावर नव्हे. आपल्या ज्ञातीतील जे बंधू क्रीडाशिक्षक आहेत त्यांनी हे स्वतः विचारीत बसू नये, मुली संकोचतील. परंतु सरावाच्या मध्यंतरी ‘कोणाला जाऊन यावयाचे असेल तर या’ एवढे सर्वांना मोकळेपणी म्हणावे, आणि कोणी दोनदा गेली तर तिची चेष्टा होऊ देऊ नये. मंडळाच्या क्रीडास्पर्धा ज्या मैदानावर होतात तेथील स्वच्छतागृहाला मागच्या वेळी कडी नव्हती. मुली एकमेकींना दाराशी उभ्या करीत होत्या. कार्यकारिणीने यंदा ती कडी बसवावी. तिचा खर्च मी देते.

चहापानाच्या वेळी मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी तेथे यावे. दार लावून घेता येते, त्याला कडी आहे. मुलींनी आईला बरोबर आणलेच पाहिजे असे नाही.